हेडसरांना कोण शिकवतं? जुन्नर-आंबेगावच्या शाळांमागची दीडशे वर्षांची गोष्ट

कानात इयरफोन घालून एसटीत बसला असाल, शेतात पाण्याची पाळी बघत असाल, नाहीतर हॉस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार.

जुन्नर म्हटलं की आपल्याला शिवनेरी आठवतो. मग नाणेघाट, लेण्याद्री, ओझर. आंबेगाव म्हटलं की भीमाशंकर आणि डिंभे धरण. आज मात्र आपण किल्ल्यावरही जाणार नाही आणि लेण्यांतही नाही. आज जायचंय शाळेत, आणि तेही थेट त्या खोलीत जिथे शाळेत असताना जायला पाय लटपटायचे. दारावर पाटी असायची, ‘मुख्याध्यापक’.

प्रश्न साधा आहे. गणिताच्या सरांना गणित शिकवायचं कसं हे बी.एड.ला शिकवतात. मग हेडसरांना हेडसर व्हायला कोण शिकवतं? म्हणजे पगारपत्रकं आणि टी.सी.वरच्या सह्या नव्हेत. शाळेतलं प्रत्येक पोर खरंच शिकतंय का हे बघणं, न शिकणाऱ्यासाठी काहीतरी हलवणं, आणि शिक्षकांनाही शिकतं ठेवणं. याला हल्ली ‘शैक्षणिक नेतृत्व’ असं भारदस्त नाव आहे. शब्द नवा आहे, भानगड जुनी आहे. किती जुनी, ते बघू.

कागद वाचता येणं म्हणजे काय

एकोणिसाव्या शतकातला पुणे जिल्हा डोळ्यांसमोर आणा. गावात शिकवणारा असलाच तर पंतोजी. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, पाढे पाठ करायचे, थोडी मोडी शिकायची. मोबदला म्हणून धान्य किंवा थोडे पैसे. कुणब्याचं, कोळ्याचं, महाराचं पोर त्या शाळेच्या आसपासही क्वचितच दिसायचं.

त्याची किंमत कुठे मोजावी लागायची? सावकाराच्या ओट्यावर. खत लिहिणार सावकाराचा माणूस, वाचणारही तोच, आणि शेतकऱ्याने फक्त अंगठा उठवायचा. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि पुणे-नगर भागात दंगे पसरले, त्यांना आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. लोकांचा राग मुख्यतः कशावर होता? त्या कागदांवर. खतं हिसकावून जाळली गेली. त्याच काळात आपल्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात होन्या केंगले सावकारांविरुद्ध उभा राहिला. त्याची गोष्ट आजही आदिवासी पाड्यांवर सांगतात.

आपल्या विषयाशी संबंध हा की, स्वतःच्या कर्जाचा कागद वाचता न येणं म्हणजे जमीन जाणं, हे त्या पिढीने सोसलेलं होतं. शाळा ही तेव्हा नोकरीची शिडी नंतर होती, आधी ती बचावाची गोष्ट होती.

जोतिबांनी मागितलेली देखरेख

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला. त्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं, इन्स्पेक्टर आले, अनुदान आलं. गावच्या शाळेपर्यंत पोचणारा साहेब म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. लोकांनी त्याचा केला ‘दिपोटी’. दिपोटी यायचा म्हटलं की शाळा सारवायची, पोरांना धुतलेले कपडे घालायचे, आणि हुशार पोरं पुढच्या रांगेत! (काही गोष्टी बदलत नाहीत मंडळी.)

१८८२ मध्ये सरकारने हंटर आयोग नेमला. त्याच्यासमोर १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं एक निवेदन आहे, महात्मा जोतीराव फुल्यांचं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला माहीत असते. पण ते निवेदन नीट वाचलं तर त्यात शाळा चालवायची कशी याचा बारीक विचार सापडतो.

ते सांगतात, गावातला मास्तर प्रशिक्षित हवा आणि शक्यतो शेतकरी वर्गातला हवा. म्हणजे लोकांना तो आपला वाटेल आणि त्यालाही नांगराची लाज वाटणार नाही. पगार किमान १२ रुपये, मोठ्या गावात १५-२०. ज्याच्या हाताखालून जास्त मुलं पास होतात त्याला पगारावर काही भत्ता. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेतीची तोंडओळख, आरोग्याचे आणि नीतीचे धडे.

आणि मग येतो आजच्या विषयाचा मुद्दा. वर्षातून एकदा दिपोटी येऊन काही उपयोग नाही, असं ते स्पष्ट म्हणतात. निदान दर तीन महिन्यांनी शाळा तपासा. शिवाय अधूनमधून न कळवता जा.

आता यावर कुणी म्हणेल, हे तर पोलिसी काम झालं. पण मागण्या एकत्र ठेवून बघा. चांगला पगार, गावात प्रतिष्ठा, प्रशिक्षण, चांगल्या कामाला शाबासकी, आणि त्यासोबत वारंवार, खरीखुरी पाहणी. मास्तरला आधार द्या आणि जवळून बघत राहा, अशी ती दुहेरी मागणी होती. सरकारी यंत्रणेने त्यातलं सोपं तेवढं उचललं, म्हणजे तपासणी. आधाराचा भाग बराच काळ राहून गेला.

जुन्नरकरांनो, हा विचार तेव्हा फक्त पुण्यात फिरत नव्हता. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत आपल्या ओतूरला पोचला. ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे त्या चळवळीतलं ठळक नाव. भटजीशिवाय लग्न लावण्यावरून ओतूरचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. म्हणजे लिहिता-वाचता येणं, कायदा समजणं आणि गावासमोर उभं राहणं या तिन्ही गोष्टी इथल्या शेतकऱ्यांनी तेव्हाच एकत्र जोडल्या होत्या.

संस्था उभ्या करणारे हेडमास्तर

प्राथमिक शाळा हळूहळू वाढल्या, पण हायस्कूल? त्यासाठी पोराला घर सोडावं लागायचं. पुण्यात नातेवाईक असेल, वार लावून जेवायची सोय असेल, तरच मॅट्रिक. मुलींचं तर विचारूच नका.

ही कोंडी महाराष्ट्रात ज्यांनी फोडली त्यांत पहिलं नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह. १९४० मध्ये ‘कमवा आणि शिका’वर चालणारं महाराजा सयाजीराव हायस्कूल. पण इथे एक तारीख सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे १९३५. त्या वर्षी अण्णांनी साताऱ्यात शिक्षक घडवण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. शाळांचं जाळं पसरायचं तर आधी माणसं तयार करावी लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. रयतच्या शाळा पुढे आपल्या भागातही आल्या. मंचरकरांना हे वेगळं सांगायला नको.

स्थानिक प्रयत्नही होते. नारायणगावचं ग्रामोन्नती मंडळ घ्या. तिथल्या विद्यामंदिराला गुरुवर्य रा. प. सबनीस यांचं नाव आहे. ज्या गावाला आपण तमाशाची पंढरी म्हणतो आणि जिथल्या टोमॅटो मार्केटची चर्चा राज्यभर होते, त्या गावातल्या मोठ्या शाळेला एका गुरुजींचं नाव असावं, यातच काय ते आलं. याच मंडळाकडे पुढे कृषी विज्ञान केंद्रही आलं. शाळा आणि शेत एकाच छपराखाली, म्हणजे जोतिबांच्या निवेदनाची आठवण यावी अशीच गोष्ट.

त्या पिढीचा हेडमास्तर कसा असायचा? वर्गणी गोळा करणारा, गावात कुणाचा मुलगा शाळा सोडतोय हे माहीत असणारा, सकाळी बापाला जाऊन भेटणारा. त्याला नेतृत्वाचं प्रशिक्षण कुणी दिलं नव्हतं. तो स्वातंत्र्याच्या चळवळीतून, सत्यशोधकांतून, नाहीतर स्वतःच्या गरिबीतून तयार झाला होता. प्रश्न असा की चळवळीतून आलेली ती माणसं निवृत्त झाल्यावर पुढची कुठून आणायची?

सिनिऑरिटीची यादी

इथे गोष्टीला वळण लागतं. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. माध्यमिक शाळा मात्र बहुतेक खासगी संस्थांच्याच राहिल्या, सरकारी अनुदानावर. म्हणजे चौथी-सातवीपर्यंतचं पोर एका यंत्रणेचं, आठवीनंतरचं दुसऱ्या यंत्रणेचं. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

खासगी संस्था म्हटल्यावर वशिला आला, मर्जी आली. शिक्षकाला एका दिवसात घरी बसवल्याची उदाहरणं होती. त्याला आळा घालायला १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आला आणि १९८१ मध्ये त्याचे नियम. शिक्षकांना खरं संरक्षण मिळालं. मुख्याध्यापक कोण होणार, तर पात्र शिक्षकांमध्ये जो सेवेने ज्येष्ठ आणि ज्याचं रेकॉर्ड समाधानकारक, तो.

नियम वाईट होता का? नाही. अध्यक्षांच्या भाच्याला खुर्ची मिळण्यापेक्षा ज्येष्ठता बरी. पण तिचा एक परिणाम झाला. तीस वर्षं उत्तम इंग्रजी शिकवलेला माणूस एका सोमवारी मुख्याध्यापक होतो. वय पन्नाशीच्या पुढे, निवृत्ती ५८ ला. हातात उरतात थोडी वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष संचमान्यता म्हणजे काय आणि ऑडिटला काय काय लागतं हे क्लार्ककडून शिकण्यात जातं. माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकाने वर्गात बसून पाठ बघावा आणि लॉगबुकमध्ये नोंद करावी अशी पद्धत आहे. पण पाठ बघून शिक्षकाशी काय बोलायचं, त्याचा अपमान न करता त्याला पुढे कसं न्यायचं, हे त्या सोमवारपर्यंत त्याला कुणीही सांगितलेलं नसतं.

नाईक साहेबांचं उत्तर

या प्रश्नावर एका मराठी माणसाने फार आधी उत्तर लिहून ठेवलं होतं. जे. पी. नाईक. जन्म १९०७, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातलं बहिरेवाडी. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. युनेस्कोने जगभरच्या शिक्षणविचारवंतांवर लेखमाला केली, त्यात त्यांचा समावेश आहे.

कोठारी आयोगाची एक कल्पना होती, शाळा-समूह. एक हायस्कूल मध्ये. त्याच्या पाच-दहा मैलांच्या परिसरातल्या तीन-चार उच्च प्राथमिक शाळा आणि दहा-वीस छोट्या प्राथमिक शाळा त्याला जोडलेल्या. हायस्कूलचा मुख्याध्यापक या सगळ्यांचा निमंत्रक. सगळ्यांनी मिळून वर्षाचं नियोजन करायचं, प्रयोगशाळा आणि पुस्तकं वाटून वापरायची, एकमेकांच्या शाळा बघायच्या. खात्याने काही अधिकारही या समूहाकडे सोपवायचे.

यामागचं निदान महत्त्वाचं होतं. प्रत्येक शाळा एकटी पडलेली आहे, आणि एकटी शाळा शिकत नाही. मुख्याध्यापक शिकतो तो दुसऱ्या मुख्याध्यापकाकडून, वर्षभर चालणाऱ्या कामातून. दोन दिवसांच्या हॉलमधल्या भाषणातून त्याला फारसं मिळत नाही.

महाराष्ट्रासह काही राज्यांत प्रयोग झाले, पण मूळ कल्पनेतला जीव टिकला नाही. १९९० च्या दशकात आपल्याकडे केंद्रशाळा आल्या, केंद्रप्रमुख आले. त्याचा फायदा झाला, पण ती रचना मुख्यतः प्राथमिक शाळांची. हायस्कूलचे हेडसर त्या वर्तुळाच्या बाहेरच राहिले.

पश्चिम पट्ट्यातलं पोर

आता मघाशी डोक्यात ठेवायला सांगितलेली गोष्ट बाहेर काढा. जुन्नर आणि आंबेगावचा नकाशा बघा. पूर्वेला पुणे-नाशिक हायवे, ऊस, द्राक्षं, टोमॅटो. पश्चिमेला सह्याद्री, भात, हिरडा, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. ज्या गावाच्या नावावरून आंबेगाव तालुका ओळखला जातो ते मूळ गाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. धरणाने शेतं भिजली ती खाली, गावं उठली ती वर.

वरच्या वाडीतलं एक पोर कल्पून बघा. चौथीपर्यंत वाडीतली शाळा. पट इतका कमी की एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात. हिरड्याच्या दिवसांत पोर आईबरोबर रानात. मग पाचवीला दुसरी शाळा, आठवीला तिसरी. प्रत्येक ठिकाणी नवे शिक्षक. आठवीत ते पोर हायस्कूलच्या बाकावर येतं तेव्हा त्याला मराठीचा परिच्छेद अडखळत वाचता येतो आणि भागाकार येत नाही. विज्ञानाचे सर ‘बल आणि दाब’ शिकवतायत. दोष कुणाचा? प्राथमिकवाले म्हणतात, आम्ही दाखला दिला तेव्हा ठीक होतं. हायस्कूलवाले म्हणतात, पाया कच्चा. आणि पोर गप्प बसतं, मग दहावीच्या आत कुठेतरी गायब होतं. ऊसतोडीला नाही गेलं तर हॉटेलात दिसतं.

इथे हेडसरांचं नेतृत्व पणाला लागतं. कारण हे पोर एका शिक्षकाच्या हातातलं नाहीच. त्याच्यासाठी वेळापत्रकात वाचनाचा तास काढायचा, तो कुणी घ्यायचा हे ठरवायचं, खालच्या शाळेतल्या गुरुजींना फोन करायचा, एसटीची वेळ बदलून घ्यायची, उसात बिबट्या दिसला की शाळा लवकर सोडायची. हे निर्णय फक्त त्या खोलीतूनच होऊ शकतात.

जवळपासचे धडे

बरं, आपल्या आजूबाजूला काही करून दाखवलं गेलंय का? गेलंय.

मंचरपासून फार लांब नसलेलं शिरूर तालुक्यातलं पाबळ. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये तिथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून हायस्कूलच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग, हाताने काम करत शिकायचं आणि गावाला उपयोगी सेवा द्यायची. पुढे हा विषय अनेक हायस्कुलांत गेला. आता विचार करा, आठवड्यातला एवढा वेळ कामाला द्यायचा, गावातल्या कारागिराला शाळेत शिकवायला बोलवायचं, पालकांना पटवायचं. मुख्याध्यापक तयार नसेल तर विषय कागदावरच राहतो.

दुसरं आपलं खोडद. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी दुर्बीण. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली होते आणि शाळांचे प्रकल्प मांडले जातात. काही शाळा दुर्बीण बघून, फोटो काढून परत येतात. काही शाळा त्याची तयारी जूनपासून करतात. जागा तीच, पोरं तशीच. फरक पडतो तो आधीच्या आठ महिन्यांत शाळेत काय झालं याने.

कागदावर आता काय आहे

सरकारला हे कळलेलं नाही असं नाही. शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाचं प्रशिक्षण देणारी राज्याची संस्था १९९४ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला सुरू झाली. दिल्लीत शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र २०१२ मध्ये आलं. २०१५ मध्ये शाळासिद्धी आली, ज्यात शाळेने स्वतःच स्वतःचं मूल्यमापन करायचं आणि त्यात नेतृत्व हा वेगळा भाग. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांसाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलं, आणि गंमत म्हणजे शाळा-संकुल या नावाने नाईक साहेबांची जुनी कल्पनाही परत आणली.

म्हणजे १८८२ ला जे मागितलं, १९६६ ला जे लिहिलं, ते २०२० ला पुन्हा लिहिलं गेलं. दरम्यान हेडसरांच्या टेबलावर शालार्थ, सरल, यू-डायस, पोषण आहार आणि शिष्यवृत्तीचे पोर्टल जमा झाले. ५० तासांचं प्रशिक्षण याच कामांच्या वर आणखी एक काम म्हणून आलं, तर ते ऑनलाइन व्हिडिओ चालू ठेवून मिळवलेलं प्रमाणपत्र होईल. तेच ५० तास शेजारच्या शाळेत बसून, एकमेकांचे वर्ग बघून, आठवीतल्या त्या न वाचता येणाऱ्या पोरांची नावं समोर ठेवून घालवले, तर ते काम सोपं करतील. घोडेगावच्या हायस्कूलने आपल्या खालच्या दहा शाळांच्या गुरुजींना वर्षातून चार वेळा चहाला बोलवायचं, यासाठी कुठल्या जीआरची वाट बघायची गरज नाही.

तुमच्यातले अनेक जण नुकतेच शाळेतून बाहेर पडलेत. काही जण डी.एड., बी.एड. करतायत, काही जण शाळा व्यवस्थापन समितीत जातील, काहींची पोरं चार-पाच वर्षांत बालवाडीत जातील. तेव्हा एक करा. गावच्या शाळेत गेलात की रंगरंगोटी आणि स्मार्ट टीव्ही बघून झाल्यावर हेडसरांना किंवा बाईंना आदराने एवढंच विचारा, ‘सर, या महिन्यात तुम्ही किती वर्गांत मागे बसलात?’ उत्तर शून्य आलं तर चिडू नका. त्यांचा तो वेळ कशात गेला ते विचारा, आणि त्यातलं काय गाव उचलू शकतं ते बघा. पोषण आहाराची मोजदाद, पोर्टलवरची माहिती, दुरुस्तीची धावपळ, यातलं बरंच काही दोन चांगली तरुण पोरं करू शकतात.

तुमच्या शाळेत असे हेडसर किंवा मोठ्या बाई होत्या का, ज्यांच्यामुळे एखादं गळणारं पोर टिकलं? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, निवडक अनुभव पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि घाटात गाडी जपून चालवा. भेटूच.